दोन मिनिटं बाहेर बस! कॉलेज आइस हॉकी आणि पेनल्टीची भांडणं

बोस्टनला एमएस करायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात रूममेट म्हणाला चल मॅच बघायला, स्टुडंट तिकीट आहे आणि आत निदान वारा तरी लागणार नाही. रूममेट नागपूरचा, थंडीला शिव्या देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तर आत गेलो आणि बघतो तर पुन्हा बर्फच. बाहेरच्या बर्फातून आतल्या बर्फात! पहिली दहा मिनिटं मला पक कुठे आहे तेच दिसेना. पक म्हणजे रबराची काळी चपटी चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, आणि सगळे तिच्यामागे अशा स्पीडने पळतायत की मान दुखायला लागली. मग अचानक शिट्टी वाजली, एक पोरगा मान खाली घालून काचेमागच्या खोक्यात जाऊन बसला, आणि आमच्या पुढच्या रांगेतले सत्तरीचे एक आजोबा ताडकन उभे राहून रेफ्रीला असं काही बोलले जे मी इथे लिहू शकत नाही. मी विचारलं, काय झालं रे? रूममेट म्हणाला, "मला काय माहीत, पण आपण पण ओरडायचं."

पुढची दोन वर्षं आम्ही असंच काही न समजता ओरडलो. आता समजतं. ओरडणं कमी नाही झालं, पण आता कारण सांगता येतं.

हे सगळं लिहून काढायचं निमित्त म्हणजे बाबा. ते साताऱ्याला असतात, तरुणपणी कबड्डी खेळायचे, आणि त्यांना कुठलाही खेळ दाखवा, पाच मिनिटात पंच कसा चुकला यावर येतात. इथली शुक्रवारी संध्याकाळी सातची मॅच म्हणजे हिवाळ्यात तिकडे शनिवारची पहाट, साडेपाच. बाबांचा पहिला चहा झालेला असतो, मी व्हिडिओ कॉलवर फोन टीव्हीसमोर धरतो आणि ते विचारत राहतात. त्यांनी मागच्या हिवाळ्यात जे जे विचारलं आणि मी जे जे सांगितलं तेच इथे जरा नीट करून टाकतोय. ज्यांची पोरं, भाचे, पुतणे मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स असल्या थंड ठिकाणी शिकायला गेलेत त्यांनाही उपयोग होईल, कारण तिथे हिवाळ्यात शुक्रवार-शनिवार रात्री दुसरं करण्यासारखं फार काही नसतं हो.

आधी पटकन बेसिक. एका टीमचे बर्फावर पाच जण आणि एक गोलकीपर. वीस वीस मिनिटांचे तीन पिरियड. खेळाडू खेळ चालू असतानाच सतत बदलत राहतात, एक जण पाऊण मिनिटभर जीव तोडून पळतो आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो, तिकडून दुसरा उडी मारतो. ऑफसाइड वगैरे आत्ता सोडून द्या, दोन मॅच बघितल्या की आपोआप कळतं. पेनल्टी मात्र आपोआप कळत नाही.

बाकीच्या बऱ्याच खेळांत फाउल केला की समोरच्याला काहीतरी देतात, फ्री किक द्या, फ्री थ्रो द्या. हॉकीत तुमच्याकडून काढून घेतात. चूक केलेला पोरगा दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसणार आणि त्याच्या जागी दुसरा पाठवायचा नाही, म्हणजे दोन मिनिटं तुम्ही चार आणि ते पाच. बाबांना हे ऐकताक्षणी कळलं. "म्हणजे आमच्यासारखंच की, माणूस बाहेर बसला की कोर्ट उघडं पडतं." अगदी तेच. कबड्डीत सातातले तीन बाहेर गेले की रेडरला कसं मोकळं रान मिळतं, तसंच इथे मोकळ्या बर्फाचं आहे. पण एक गंमत उलटी आहे. कबड्डीत आपला माणूस आत कधी येतो? आपण समोरचा गडी बाद केला की. हॉकीत दोन मिनिटं संपायच्या आत आपला माणूस आत कधी येतो? आपल्यावर गोल झाला की! समोरच्यांनी गोल मारला की शिक्षा वसूल झाली असं समजून त्याला सोडून देतात. बाबा म्हणाले हे म्हणजे मार खाल्ला की सुट्टी.

पूर्वी असं नव्हतं. कितीही गोल होऊ देत, पूर्ण दोन मिनिटं बसायचं. मग १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिवोने समोरचे दोघं पेनल्टीत बाहेर असताना ४४ सेकंदात तीन गोल ठोकले. त्यांची टीमच इतकी भारी होती की समोरच्याचा माणूस बाहेर गेला म्हणजे मॅच संपल्यात जमा. पुढच्या सीझनपासून एनएचएलने, म्हणजे इथल्या प्रोफेशनल लीगने, नियम बदलला, एक गोल झाला की माणूस परत बर्फावर. कॉलेजमध्ये पण छोट्या पेनल्टीला हेच. मोठी पेनल्टी, जिला मेजर म्हणतात, ती पाच मिनिटांची, आणि तिच्यात ही माफी नाही, चार गोल खाल्ले तरी पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. म्हणून मायनर की मेजर यावरून जेवढी डोकी फुटतात तेवढी दुसऱ्या कशावरून फुटत नसतील.

एक माणूस जास्त असण्याच्या या काळाला पॉवर प्ले म्हणतात. आपल्याला हा शब्द क्रिकेटमुळे माहितीये पण तिथे फक्त फील्डर आत ठेवायला लागतात, इथे माणूसच गायब असतो. आणि तरीसुद्धा, हे ऐकून बाबांना धक्का बसला, साधारण पाचातल्या एकाच पॉवर प्लेमध्ये गोल होतो. चार वेळा कमी माणसांची टीम वाचते. कारण ते चौघं गोलसमोर चौकोन करून उभे राहतात, पक मिळाला की खेळायच्या भानगडीत न पडता सरळ लांब भिरकावून देतात. एरवी असं अर्ध्या मैदानापलीकडून शेवटच्या रेषेपार फेकलं की आयसिंग म्हणून थांबवतात आणि खेळ पुन्हा तुमच्याच दारात आणून सुरू करतात, पण माणूस कमी असेल तर ही सूट आहे. तर पाचात एक. मग एवढं भांडण कशाला? कारण अख्ख्या मॅचमध्ये दोन्हीकडचे मिळून पाच-सहा गोल होतात. एक गोल म्हणजे मॅच. २०२४ ची कॉलेज चॅम्पियनशिपची फायनल डेन्व्हरने बोस्टन कॉलेजला २-० ने हरवून जिंकली, दहावं टायटल, तोपर्यंत कोणाचीच एवढी नव्हती. बोस्टनमध्ये त्या रात्री काय वातावरण होतं ते विचारू नका. अशा मॅचमध्ये एकेका शिट्टीची किंमत काय ते बघा.

आता नवीन माणूस हमखास गोंधळतो ती गोष्ट. रेफ्री हात वर करतो, पण शिट्टी वाजवत नाही. खेळ चालूच. आणि एकदम एका टीमचा गोलकीपर गोल सोडून बाकाकडे पळत सुटतो! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं त्याला काहीतरी झालं. तर ते असं की पेनल्टी झालीये, पण ज्यांच्यावर फाउल झाला त्यांच्याकडेच पक आहे, आत्ता शिट्टी वाजवली तर त्यांचाच चाललेला हल्ला तुटेल. म्हणून रेफ्री थांबतो. गुन्हेगार टीमने पक ताब्यात घेतला की त्या क्षणी शिट्टी. म्हणजे तोपर्यंत गुन्हेगार टीम गोल मारूच शकत नाही, मग गोलकीपर ठेवून काय करायचंय? त्याला बाहेर घ्या, एक जास्तीचा हल्लेखोर आत टाका. फुकटचा माणूस. धोका एकच, आपल्याच पोराचा पास चुकून आपल्याच रिकाम्या गोलमध्ये जायचा. असं होतं कधीकधी, आणि झालं की लोक ते जन्मभर विसरत नाहीत.

इथे कॉलेजचा एक खास नियम. एनएचएलमध्ये हात वर असताना गोल झाला तर ती दोन मिनिटांची पेनल्टी माफ. कॉलेजमध्ये माफ नाही, गोल पण घ्या आणि दोन मिनिटं पण बसा. मला हे बरोबर वाटतं. रूममेटला नाही वाटत. तो म्हणतो एका चुकीची दोनदा शिक्षा, फार जास्त होतंय. यावर आमचं आजवर तीनदा तरी कडाक्याचं वाजलंय.

बर्फावर चार पट्टेवाले फिरत असतात. त्यातले दंडावर नारिंगी पट्टी बांधलेले दोघं रेफ्री, पेनल्टी देतात मुख्यतः तेच. उरलेले दोघं लाइन्समन, रेषा बघणारे. तुम्ही ज्याला शिव्या घालताय तो नारिंगी पट्टीवाला आहे ना एवढं आधी बघून घ्या, मी वर्षभर चुकीच्या माणसाला घातल्या. कशाबद्दल पेनल्टी दिली हे रेफ्री हाताने खुणा करून सांगतो आणि त्या खुणा अगदी लहान मुलांच्या खेळासारख्या आहेत. पोटाकडे दोरी ओढल्यासारखं केलं की हुकिंग, म्हणजे स्टिक अडकवून ओढलं. स्वतःचंच मनगट धरलं की होल्डिंग. एका हाताने दुसऱ्या हातावर विळ्यासारखा वार केला की स्लॅशिंग. पायाला हात मारला की ट्रिपिंग. छातीवर दोन्ही हातांची फुली म्हणजे इंटरफिअरन्स. मूठ तळहातावर आपटली की बोर्डिंग, म्हणजे कठड्यावर नेऊन आदळलं. एकावर एक दोन मुठी कपाळापाशी धरल्या की हाय स्टिक. एवढ्यावर सीझन निघतो.

बाबांचा इथे पहिला मोठा प्रश्न आला. "अरे पण आत्ता तर त्या मगाचच्या पोराने त्याला आडवाच केला, भिंतीत घातला, त्याला काही नाही? आणि ह्याने नुसती काठी लावली तर बाहेर?" हा प्रश्न सगळेच नवीन लोक विचारतात आणि तो चुकीचा नाहीये. हॉकीत अंगाने धडक मारणं कायदेशीर आहे. ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने, समोरून किंवा बाजूने, प्रामाणिकपणे ठोकलं तर चालतं, टाळ्या पडतात. पण काठी त्याच्या अंगाला लावून त्याचा वेग मारला तर नाही चालत. धडक मारायला तुम्हाला स्वतः पळत त्याच्यापर्यंत पोचावं लागतं ना, काठी अडकवणं हे मागे पडलेल्याचं काम. मी बाबांना म्हटलं, कबड्डीत रेडरला मिठी मारून आडवा पाडणं चालतं पण त्याची चड्डी धरून ओढणं नाही चालत, तसं समजा. बाबा हसले पण म्हणाले, आमच्या वेळी ते पण चालायचं, पंच बघत नसेल तर.

आणि मुद्दा तिथेच आहे. पंच बघतो का, आणि बघितलं तर त्याला काय वाटतं.

हुकिंगचंच घ्या, सगळ्यात जास्त वाद याचे. एक जण पक घेऊन पळतोय, दुसरा मागून त्याच्या बाजूने स्टिक पुढे काढतो. ती स्टिक समोरच्याच्या स्टिकला लागली तर ठीक, ती तर चांगली बचावाची खेळी, समोरच्याची काठी उचलून पक हिसकावणं हे शिकवतातच. तीच स्टिक चार इंच वर सरकून त्याच्या हातमोज्यांवर आली, किंवा कमरेला आडवी लागली आणि त्याचा वेग कमी झाला, तर हुकिंग. चार इंच! दोघं भन्नाट वेगात, रेफ्री पंधरा-वीस फुटांवरून, तोही उलटा स्केटिंग करत, मध्ये तिसऱ्याची पाठ. मी एक ठोकताळा शिकलोय, स्टिक बर्फाला समांतर आडवी झाली आणि समोरच्याच्या हातांजवळ आली की बहुतेक वेळा हात वर जातो. स्टिक खाली, पकच्या आसपास असेल तर बहुतेक वेळा जात नाही. हे "बहुतेक" फार महाग पडतं.

इंटरफिअरन्स त्याहून वाईट. ज्याच्याकडे पक नाही त्याला अडवायचं नाही एवढाच नियम. पण प्रत्येक जण आपली जागा धरून उभा राहू शकतो, तो त्याचा हक्क. मग तो जागा धरून उभा होता की मुद्दाम वाटेत आला? तो एक पाय सरकला ना, तो वळताना सरकला की अडवायला? स्लो मोशनमध्ये दहा वेळा बघा, दहा वेळा वेगळं दिसेल. आणि गोलकीपरच्या पुढ्यातल्या निळ्या चौकटीत झालेली धक्काबुक्की तर सोडूनच द्या, तो हल्लेखोर स्वतः कीपरवर पडला की डिफेंडरने ढकलला म्हणून पडला यावर मैत्र्या तुटल्यात.

म्हणून मला असं वाटतं, आणि बाबांना मी हेच सांगत असतो, की स्टँडमधल्या जाणत्या लोकांचं भांडण "फाउल होता की नव्हता" हे फार कमी वेळा असतं. कारण खरं सांगायचं तर प्रत्येक मिनिटाला कुठेतरी काहीतरी फाउल होतच असतो, सगळे दिले तर मॅच संपायलाच नको. भांडण असतं ते मापाचं. पहिल्या पिरियडमध्ये ज्याला दोन मिनिटं दिली तेच तिसऱ्या पिरियडमध्ये दुसऱ्याने केलं तर शिट्टी खिशात का? एलबीडब्ल्यूसारखं. एक अंपायर बोट पटकन वर करतो, एक हातच उचलत नाही, दोन्ही चालतं, बॅट्समन जुळवून घेतो, पण सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं झालं की डोकं फिरतं.

आणि ते होतं. हे नुसतं फॅन लोकांचं रडगाणं नाही. एनएचएलच्या आकड्यांवर अभ्यास केलेल्यांनी दाखवलंय की एका टीमला पेनल्टी बसली की पुढची पेनल्टी दुसऱ्या टीमला बसायची शक्यता वाढते. एकाला दिलं, आता दुसऱ्याला शोधा, समतोल साधा, घरात दोन मुलं असली की आई एकाला धपाटा घालते आणि पाच मिनिटात दुसऱ्याला पण कशावरून तरी घालते तसं. पुढच्या रांगेतल्या त्या आजोबांचं ठाम मत असं की आपल्या टीमला लागोपाठ दोन पॉवर प्ले मिळाले की तिसरी पेनल्टी आपल्यालाच, सांभाळून खेळा. ते बरोबर निघतात, नेहमी नाही, पण तुम्ही पैज लावू नका.

रेफ्री हे कधी कबूल करत नाहीत. एकदा एकाचं तोंडातून निघालं. २०२१ च्या मार्चमध्ये नॅशव्हिल आणि डेट्रॉइटच्या एनएचएल मॅचमध्ये टिम पील नावाच्या जुन्या अनुभवी रेफ्रीचा माइक चालू राहिला आणि टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलं, की फार काही नव्हतं त्यात, पण मला नॅशव्हिलविरुद्ध सुरुवातीलाच एक पेनल्टी द्यायची होती. दुसऱ्या दिवशी लीगने जाहीर केलं की हा माणूस आता आमच्या मॅच घेणार नाही. तो तसाही महिन्याभरात निवृत्त होणार होता. मला त्या माणसाचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बोलला तो एकटा, पण ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच धक्का बसला नव्हता, हे जास्त बोलकं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. शेवटची पाच मिनिटं, बरोबरीची मॅच, आणि रेफ्री एकदम मऊ होतो. "पोरांनाच ठरवू द्या" हे इथलं लाडकं वाक्य. ऐकायला छान आहे. पण बघा ना, शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच झाला, फक्त त्याचा फायदा ज्याने फाउल केला त्याला. ज्याचा वेग जास्त, जो पुढे निघून गेला होता आणि ज्याला मागून ओढला, त्याचं काय? मी या बाबतीत अगदी कडवा आहे, एकोणिसाव्या मिनिटाला पण हुक हा हुकच. आजोबा याच्या बरोबर विरुद्ध. आमची ओळख आता सात वर्षांची आहे, मत कोणाचंच हललेलं नाही.

काही पेनल्ट्यांवर मात्र कोणी वाद घालत नाही. एक जास्तीचा माणूस बर्फावर सापडला, आकडा मोजता येतो, संपलं. बोस्टनमध्ये या पेनल्टीचं नाव काढलं की पन्नाशी-साठीपुढची माणसं गप्प होतात. १९७९, इथली एनएचएल टीम बोस्टन ब्रुइन्स, सेमीफायनलची सातवी मॅच, मॉन्ट्रियलविरुद्ध ४-३ ने पुढे, तीन मिनिटंसुद्धा उरली नव्हती आणि बर्फावर एक माणूस जास्त! त्या पॉवर प्लेवर मॉन्ट्रियलच्या गी लाफ्लरने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये ब्रुइन्स हरले. रेफ्री चुकला असं म्हणायची पण सोय नाही, बिचारे कोणाला शिव्या घालणार.

आता गंभीर भाग. कठड्याजवळच्या धडका. मागून मारलेली, समोरच्याचं तोंड कठड्याकडे असताना मारलेली, डोक्याला लागलेली, या कॉलेजमध्ये फार कडकपणे बघतात. रेफ्री शिट्टी मारतो, मग दोघं रेफ्री स्कोअरर बसतो तिथल्या मॉनिटरवर जाऊन कानाला हेडफोन लावून पुन्हा पुन्हा बघतात. एनएचएलमध्ये टोरोंटोला एक मोठी रूम आहे तिथले लोक मदतीला असतात, इथे बहुतेक सगळा भार बर्फावरच्या माणसांवर. अख्खं रिंक उभं, बँड वाजतोय, आणि सगळे त्या दोन पाठींकडे बघतायत. पाच मिनिटं दिली की पोरगा बहुतेक वेळा मॅचमधूनच बाहेर. इथे स्लो मोशनचा एक त्रास होतो, हळू केलं की प्रत्येक धडक मुद्दाम मारल्यासारखी दिसते. मारणाऱ्याने खांदा टाकला त्या क्षणी समोरचा शेवटच्या पावलाला वळला असेल तर दोष कोणाचा? नियमाचा कल मारणाऱ्याच्या विरुद्ध आहे, की बाबा रे तू थांबायला हवं होतंस. बाबांना हे पटलं नाही. मला पटतं, आणि त्याचं एक कारण आहे.

बोस्टन युनिव्हर्सिटीच्या रिंकवर २४ नंबरचा शर्ट कोणालाच देत नाहीत. तो ट्रॅव्हिस रॉयचा. २० ऑक्टोबर १९९५, नॉर्थ डकोटाविरुद्ध, वीस वर्षांचा पोरगा, कॉलेजमधली पहिली मॅच, बर्फावर येऊन जेमतेम ११ सेकंद झाले होते. तो धडक मारायला गेला, ती नीट बसली नाही आणि तो डोक्यावर कठड्यात गेला. मानेखालचं सगळं शरीर गेलं. फाउल कोणाचाच नव्हता, पेनल्टीचा प्रश्नच नव्हता. पुढची पंचवीस वर्षं व्हीलचेअरवर बसून त्याने अशाच जखमी लोकांसाठी पैसे उभे केले आणि २०२० मध्ये तो गेला. इथे जुन्या माणसांजवळ बसून मॅच बघा, कोणी कठड्याशी पाठमोरा असताना आदळला की एक क्षण सगळ्यांचा आवाज बंद होतो. तो का बंद होतो हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं.

मारामारी? एनएचएलमध्ये हातमोजे काढून ठोसे मारतात, पाच मिनिटं बसतात, परत येतात, लोकांना ते आवडतं. कॉलेजमध्ये मारामारी केली की त्या मॅचमधून बाहेर आणि पुढच्या मॅचला पण बंदी. सीझनमध्ये दुसऱ्यांदा केली की दोन मॅच, अशी चढती भाजणी. शिवाय तोंडावर पूर्ण जाळी लावणं सक्तीचं, मग ठोसा मारून बोटंच मोडायची. जाळीबद्दल मात्र एक वाद कायम चालू असतो, की चेहरा सुरक्षित आहे म्हणून पोरं काठ्या बिनधास्त वर आणतात. दात शाबूत राहतात हे मात्र नक्की, आयांना हेच बरं वाटत असणार.

आणखी एक कॉलेजची गंमत, बऱ्याच वेळा तीच टीम शुक्रवारी आणि तीच शनिवारी. म्हणजे काल कोणी कोणाला काठी मारली हे आज सगळ्यांच्या डोक्यात असतं, खेळाडूंच्याही, प्रेक्षकांच्याही. शनिवारच्या पहिल्या पाच मिनिटांत रेफ्रीने दोन-तीन पेनल्ट्या फटाफट दिल्या तर समजायचं त्यालाही कालचं कळलंय.

प्रेक्षक हा तर वेगळाच लेख होईल. विद्यार्थ्यांचा अख्खा कोपरा असतो, बँडसकट. गोल खाल्लेल्या कीपरकडे बोट दाखवून सगळे एका सुरात ओरडतात, "सीव्ह! सीव्ह!" म्हणजे चाळणी. मी हे बाबांना सांगितल्यापासून साताऱ्यात पहाटे साडेपाचला "चाळणीऽऽ" असा आवाज येतो, आई वैतागलीय. कॉर्नेलमध्ये हार्वर्डची टीम आली की पोरं बर्फावर मासे फेकतात, खरे मासे. म्हणून स्पीकरवर सांगतात की काही फेकलं तर यजमानांनाच खेळ लांबवल्याची पेनल्टी बसू शकते. विचार करा, दोन मिनिटं आपला माणूस बाहेर, आणि कारण बोंबील!

नाटकाची पण पेनल्टी आहे हे सांगायचं राहिलं. काठी लागली जराशी आणि गडी लोळण घेऊन पडला गोळी लागल्यासारखा, तर रेफ्री त्याला पण दोन मिनिटं देऊ शकतो. काठी लावणारा आणि पडणारा दोघं शेजारशेजारच्या खोक्यांत. लहानपणी वर्गाबाहेर दोघांना एकत्र उभं करायचे ना, अगदी तेच दृश्य, एकमेकांकडे न बघता बसतात. हे मला फार आवडतं. फुटबॉलवाल्यांनी पण शिकायला हरकत नाही.

बघायचं असेल तर फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार धरा. बीनपॉट नावाची स्पर्धा. बोस्टन कॉलेज, बोस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड, नॉर्थईस्टर्न, सगळी मेट्रोच्या तिकिटात फिरून येता येतील अशी चार कॉलेजं, १९५२ पासून एका भांड्यासाठी भांडतायत. ऑफिसात त्या दोन मंगळवारी काम होत नाही.

आता परवाचं. म्हणजे गेल्या सीझनमधलं, पण आमच्या घरात ते अजून परवाचंच आहे. शुक्रवारची मॅच, आम्ही ३-२ ने मागे, अडीच मिनिटं उरलेली. आमचा पोरगा उजवीकडून सुटला, मागून त्यांच्या डिफेंडरची स्टिक आली, पक निसटला. रेफ्रीचे दोन्ही हात खालीच. संपलं, आम्ही हरलो. आजोबा म्हणाले काठीला काठी लागली, चोख बचाव. रूममेट म्हणाला हातावर लागली पण शेवटच्या तीन मिनिटांत एवढं चालतं. मी म्हटलं हातावर लागली आणि चालत नाही. मग फोनकडे वळून विचारलं, बाबा, तुम्हाला काय दिसलं?

बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "ते सोड. सत्याहत्तर साली जत्रेतली फायनल होती, आम्ही एका पॉइंटने मागे होतो. माझा पाय रेषेला लागलाच नव्हता रे. टाच वर होती माझी."

मग उठले, फोन गॅलरीत नेला, आणि तिथल्या फरशीच्या सांध्यावर उभं राहून टाच कशी वर होती ते मला करून दाखवलं.